वीकनेस

ऐरोलीच्या जयमालाला कुणी “कशी आहेस गं?” विचारलं, की ती म्हणायची, “दत्ताची कृपा.” नवऱ्याचा, सुभाषचा, कारखाना बंद पडला तेव्हासुद्धा तेच म्हणाली, आणि टायपिंगच्या जोरावर महाप्याच्या एका कॉम्प्युटर कंपनीत डेटा एन्ट्रीला लागली. पण कंत्राटावर. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीला कंत्राट संपणार होतं. इंटरव्ह्यूत पास होईल तो कायम, बाकीच्यांनी घरी बसायचं. जयमाला घरी बसली तर चूल कशावर पेटणार?

इंटरव्ह्यू नेमका गुरुवारी आला. उपास मोडायचा प्रश्नच नव्हता. मराठी शाळेत शिकलेली बाई; इंग्रजी वाक्यं पोळ्या लाटता लाटता घोकली होती. नाव, शिक्षण, अनुभव, सगळं न अडखळता सांगितलं. मग साहेबांनी हसून विचारलं, “व्हॉट इज युवर वीकनेस?”

हे घोकलेलं नव्हतं, पण शब्द ओळखीचा. डॉक्टर नेहमी तोच म्हणायचे. यांना कसं कळलं? चेहरा उतरलेला दिसत असेल. गुरुवारी खोटं कसं बोलायचं? मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिनं सांगून टाकलं, “सर, धाकटीच्या बाळंतपणापासून आहे. रक्त कमी आहे, चक्कर येते. टॉनिक चालू आहे.”

साहेबांनी काळजीनं मान हलवली.

ऑफिसात तिच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, तिच्यासारख्याच कंत्राटावरच्या मनालीनं कँटीनमध्ये हे ऐकून कपाळावर हात मारला. “अगं माझे आई! वीकनेस म्हणजे तुझ्यातला दोष विचारला! ‘मला कामाचं वेडच आहे, सर,’ असं ठोकून द्यायचं.”

“दोष विचारल्यावर स्वतःची स्तुती करायची?”

“सगळे तेच करतात गं.”

जयमाला तशीच उठून केबिनशी गेली. साहेब बाहेर येत होते.

“सर, ते मघाशी वीकनेस...”

“हां हां. आराम करो. हेल्थ फर्स्ट,” ते मायेनं म्हणाले आणि निघून गेले.

पुढच्या आठवड्यात यादी लागली. मनाली कायम झाली. जयमालानं गळ्यातलं कार्ड गेटवर परत दिलं.

“काय झालं?” सुभाषनं विचारलं.

“जागाच कमी होत्या,” ती म्हणाली. तोही गुरुवारच होता.

 त्यानं फडताळातली टॉनिकची बाटली काढून चमचा भरला.

“घे. आता घरीच आहेस, वीकनेस तरी जाईल.”

तिनं तोंड उघडलं.