हरणाऱ्या संघाची वही

जर्मनीत मास्टर्सला आलो तेव्हा आमच्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला एकच कायमचा प्रेक्षक होता. तो म्हणजे मी. संघाचा कप्तान वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. आल्याआल्या पत्त्याची नोंदणी, त्या सगळ्या आनमेल्डुंगच्या भानगडीत तोच माझ्याबरोबर रांगेत उभा राहिला होता. तो जर्मनच, पण तोही लहान गावचा, आणि माझ्यासारखाच घरातला पहिला पदवीधर. त्याने "शनिवारी सामन्याला ये" म्हटल्यावर नाही म्हणणं मला शक्य नव्हतं.

पहिला सामना सात गोलांनी हरलो, दुसरा पाच गोलांनी. तिसऱ्याला नऊच खेळाडू आले. मी कडेला उभा राहून टाळ्या वाजवत राहिलो. आमच्या तालुक्याच्या शाळेत कबड्डीचा संघ हरून आला तरी हेडसर गेटवर उभे राहून टाळ्या वाजवायचे, ते अंगात मुरलेलं होतं.

रविवारी आईचा फोन यायचा.

"जिंकले का रे तुझे?"

"नाही. पण छान खेळले."

"छान खेळतात तर हरतात कशाला?"

आईने फुटबॉल कधी पाहिलेला नव्हता.

वर्षाच्या शेवटी आमचा संघ तळाला होता. क्रीडा विभागाने कळवलं की पुढच्या मोसमातही शेवटचे आलात तर संघ बंद, आणि मैदानाची शनिवारची वेळ दुसऱ्यांना. कप्तानाने ही बातमी हसत हसत सांगितली, पण सांगताना बटाटा सोलत होता तो लिंबाएवढा होईपर्यंत सोलतच राहिला.

नव्या मोसमात प्रशिक्षक म्हणून एक बाई आल्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, तरुणपणी स्वतः खेळलेल्या. पहिल्याच सामन्यात त्या माझ्यापाशी आल्या.

"तू दर वेळी येतोस म्हणे?"

"हो."

"मग नुसता उभा राहू नकोस. आपण चेंडू कुठे गमावतो ते लिही."

मला काम मिळालं याचाच आनंद. मी नवी वही आणली, समास आखला, शीर्षकाखाली दोन रेघा मारल्या. सामना संपल्यावर बाईंनी वाचलं: गोलरक्षकाने दोनदा उत्तम झेप घेतली. कप्तानाची जिद्द वाखाणण्यासारखी. सर्वांनी शेवटपर्यंत प्रयत्न केले.

"हे निरोप समारंभाचं भाषण झालं," त्या म्हणाल्या. "चेंडू कुठे गेला?"

माणसाचा दोष तोंडावर काढायचा नाही, आणि ज्याने आपल्यासाठी काही केलं त्याचा तर नाहीच, हे मी घरून घेऊन आलो होतो. तरी पुढच्या शनिवारी मी पानावर मैदान काढलं आणि आपल्या खेळाडूकडून चेंडू जाईल तिथे फुली मारू लागलो. मध्यंतरापर्यंत डावीकडे, मैदानाच्या मध्याशी, फुल्यांचा ढीग झाला. तिथे कप्तान खेळायचा. तो जीव तोडून पुढे धावायचा आणि चेंडू गेला की कमरेवर हात ठेवून चालत परत यायचा. वर्षभर मी हे पाहत होतो. मनातल्या मनातसुद्धा कधी म्हटलं नव्हतं.

बाईंना सांगितलं, नीट उतरवून देतो. दोन दिवस ते पान खिशात होतं.

"काय लिहिलंस, फॅन क्लब?" कप्तान स्वयंपाकघरात विचारायचा.

"अजून पूर्ण नाही झालं."

तिसऱ्या दिवशी मी त्याच्यापुढे पान ठेवलं. म्हटलं, बाईंच्या आधी तू बघ.

त्याने बराच वेळ पाहिलं. "या सगळ्या माझ्या?"

"बऱ्याचशा."

"आणि वर्षभर मला 'छान खेळलास' म्हणत होतास."

तो पान घेऊन गेला आणि स्वतःच बाईंना देऊन आला. पुढचे चार दिवस आमच्यात "मीठ दे" आणि "हे घे" एवढंच बोलणं झालं. इथली माणसं तोंडावर स्पष्ट बोलतात, तेव्हा त्यांना ऐकून घ्यायचीही सवय असेल असं मी धरून चाललो होतो. तसं काही नसतं.

पुढच्या सामन्यात बाईंनी त्याला बचावफळीच्या मधोमध आणलं. तिथून त्याला सगळं मैदान दिसायचं, आणि आवाज तर त्याचा होताच. तो सामना आम्ही एकाच गोलाने हरलो. त्याच्या पुढचा बरोबरीत सुटला. मग सामना संपला की बाकीचेही घामेजलेले माझ्याभोवती जमू लागले. "माझ्या किती?" कोणी म्हणायचं, "ही फुली माझी नाही, त्याची," आणि वाद व्हायचा. एकदा जिंकलो. आधी संघ सोडून गेलेले दोघे परत आले. कडेला कुणाचे आईवडील घरचा केक घेऊन उभे राहू लागले.

शेवटच्या सामन्यात बरोबरी केली तरी संघ वाचणार होता. शेवटची दहा मिनिटं मी पेन्सिल घट्ट धरून उभा होतो. एक-एक सुटला. आम्ही शेवटून दुसरे आलो. आईला हे सांगितलं तर ती विचारील, पेढे वाटू का, आणि मी हो म्हणेन, हे मला तेव्हाच माहीत होतं.

सगळे मिठ्या मारत होते. कप्तान बूट हातात घेऊन माझ्याशेजारी गवतावर येऊन बसला.

"आज माझ्या किती?"

"चार."

"पाच," तो म्हणाला. "एकदा माझ्याकडून चेंडू गेला तेव्हा तू टाळ्या वाजवत होतास."

त्याने माझ्या हातून पेन्सिल घेतली आणि पाचवी फुली स्वतः मारली.