थर्मोकोल घातलेला मासा

परदेशातल्या, हौगांग वस्तीतल्या आमच्या फ्लॅटपासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर खाडी होती. तिथल्या एका उंच झाडावर समुद्रगरुडांच्या जोडीनं घरटं केलं होतं. नवरा आठवडाभर शहराच्या मध्यात तांजोंग पगारच्या ऑफिसात मान मोडून काम करायचा आणि रविवारी नवा कॅमेरा घेऊन तिकडे निघायचा. त्या वर्षी मीही जाऊ लागले. तो फोटो काढायचा, मी नुसती बघत बसायचे. चिखलात राखी बगळे, पाणकोंबड्या. उत्तरेकडून हिवाळ्यापुरता आलेला एक कैकर पाय पुढे करून पाण्यावर आदळायचा आणि जिवंत मासा घेऊनच उठायचा. गरुडांचं एकुलतं पिल्लू घरट्याबाहेर मान काढायला लागलं, तेव्हा मला वेड्यासारखा आनंद झाला होता.

तिथे जमणाऱ्या फोटोवाल्यांत एक निवृत्त चिनी अंकल होते. भले गृहस्थ, सगळ्यांसाठी कॉफी आणायचे. एका रविवारी त्यांनी बादलीतून मेलेला मासा काढला, त्याच्या तोंडात थर्मोकोलचा तुकडा बोटानं कोंबला आणि मासा पाण्यात फेकला. तो तरंगत राहिला. मादी झेपावली, कॅमेरे खडखडले आणि ती मासा घेऊन थेट घरट्यावर गेली.

"अंकल, ते पिल्लाच्या पोटात जाईल," मी इंग्रजीत म्हणाले.

"नाहीतर मासा बुडतो, लाह," ते तिथल्या बोलीच्या लकबीत म्हणाले आणि हसले. "काय खायचं ते पक्ष्याला कळतं."

मी बादली उचलायला वाकले. नवऱ्यानं माझं मनगट धरलं. "अगं, सोड ना. उगाच तक्रार झाली तर? आपण इथे नोकरीच्या पासवर राहतो, इथले नागरिक नाही."

"तक्रार त्यांची व्हायला हवी."

तो कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघू लागला. झेपेचा फोटो त्यानंही काढला होता.

मी वन्यजीव खात्याला फोन करून कळवलं. त्यांचा माणूस पाहायला आला त्या दिवशी अंकलच्या हातात फक्त कॉफी होती.

पुढे पिल्लाची मान दिसेनाशी झाली. मादी मासा आणायची, घरट्याच्या कडेला उभी राहायची, मग स्वतःच खायची. काही दिवसांनी घरट्यात कावळे उतरले. झाडाखाली मला माशांचे काटे सापडले आणि त्यांत थर्मोकोलचे पांढरे दाणे.

"पण थर्मोकोलमुळेच गेलं कशावरून?" नवऱ्यानं विचारलं.

मला ते सिद्ध करता येत नव्हतं. मी दाणे मुठीत धरून घरापर्यंत चालत आले, सायकल तशीच ढकलत. त्यानंतर तो रविवारी एकटाच जाऊ लागला. आता तिथे कशाचे फोटो काढतोस, असं मी त्याला कधी विचारलं नाही.