सातवा दोरा

माझे सासरे मांजरं सांभाळायचे. हसलात ना? हसा. मीही हसले होते. सत्तेचाळीस साली लग्न होऊन इस्लामपूरहून ग्वाल्हेरला आले तेव्हा माहेरी सांगितलं होतं, मुलाचे वडील संस्थानच्या फौजेत आहेत. आता फौजेत म्हटल्यावर माणूस काय समजेल? तलवार, नाहीतर निदान बंदूक तरी! शिंदे की छावनीत उंबरठ्यावरचं माप ओलांडलं आणि चार दिवसांत कळलं, की महिपतराव जगदाळे फौजेच्या पागेच्या कोठारावर आहेत आणि त्यांच्या हाताखाली सात मांजरं आहेत. सगळी छावनी त्यांना ‘बिल्लीवाले सूबेदार’ म्हणायची.

कोठारात घोड्यांचे हरभरे, खोगिरं, चामड्याचे पट्टे. उंदरांना आयतीच मेजवानी. म्हणून मांजरं ठेवलेली, आणि तीही अशीतशी नाहीत, हजेरीपटावर नाव असलेली. बिजली, हरणी, सुभेदार, मोती, काळू, चंद्री, हवालदार. कायम सातच. प्रत्येकाच्या गळ्यात लाल सुताचा दोरा.

त्या दोऱ्याची एक रीत होती, ती नीट ऐका. मांजर मेलं की त्याच दिवशी, दिवेलागणीच्या हजेरीआधी, त्याच्या गळ्यातला दोरा सोडायचा आणि नव्या पिल्लाच्या गळ्यात बांधायचा. दोऱ्याबरोबर नावही त्याचंच. पिल्लाला काही शिकवावं लागायचं नाही. दोरा बांधून हाक मारली, की ते ओ द्यायचं आणि मेलेल्या मांजराच्या ताटलीवर जाऊन बसायचं, सातांतल्या बरोबर त्याच ताटलीवर. मी हे माझ्या डोळ्यांनी एकदा पाहिलंय, हवालदार मेला तेव्हा. अंगावर काटा आला होता. मामंजी मात्र शांतपणे म्हणाले, “मांजर मरतं, सूनबाई. नाव मरत नाही.”

पुढच्याच वर्षी संस्थान विलीन झालं. मध्यभारत का काय ते झालं. घोडे गेले, स्वार पांगले. तपासणीला एक नवा साहेब आला. हजेरीपट वाचता वाचता पोट धरधरून हसला. “ये बिजली साठ साल से नौकरी कर रही है?” म्हणाला. मामंजी ताठ उभे राहून म्हणाले, “जी हां, हुजूर. छुट्टी एक दिन की नहीं ली.” साहेबानं पटावर लिहिलं, आहेत त्या मांजरांना मरेपर्यंत ठेवा, नवी भरती बंद. आणि दोन वर्षांनी कोठाराला कुलूपच लागलं. मामंजींनी सातही मांजरं दोन टोपल्यांत घातली, टांग्यात बसवली आणि घरी आणली. मी कपाळाला हात लावला.

मग ती एकेक करून म्हातारी झाली आणि एकेक करून गेली. नवं पिल्लू आणायचं नाही, हुकूम म्हणजे हुकूम. मी म्हटलं, “अहो मामंजी, आता कोण येतंय बघायला? गल्लीत रग्गड पिल्लं आहेत.” तर माझ्यावर कडाडले, “भरती बंद म्हणजे बंद!” असा माणूस. दोरा सोडायचे आणि माजघरातल्या भिंतीवर खिळ्याला अडकवायचे. अडकवताना दर वेळी पुटपुटायचे, “खिळ्याला मान नसते गं.”

छप्पन सालापर्यंत खिळ्यावर सहा दोरे झाले. उरली एक बिजली. सतरा वर्षांची, दोन्ही डोळ्यांनी आंधळी, तोंडात दोन सुळे.

तिची सेवा बघायला हवी होती तुम्ही! माझ्या सख्ख्या आजीची कुणी तशी केली नसेल. म्हाताऱ्या मांजराला खाली मान घालून खाता येत नाही, मान दुखते, म्हणून ताटली विटेवर ठेवायची. कलेजी उकडून, बोटानं कुस्करून, कोमट करून द्यायची, कारण गारढोण अन्नाला वास येत नाही आणि वासाशिवाय मांजर तोंड लावत नाही. नखं वाढून पंजात रुततात, ती दर पंधरवड्याला कापायची. राखेचं घमेलं उथळ हवं, तिला चढवत नाही. थंडीत विटा तापवून गोणपाटात गुंडाळून तिच्या पाठीशी. रोज मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडायची. झटकन बसली तर ठीक, तशीच उभी राहिली तर अंगातलं पाणी कमी झालं. हे सगळं मामंजींनी मला शिकवलं. आणि एक गोष्ट शंभरदा बजावली, “दूध नाही द्यायचं. मांजर मागतं, पण म्हाताऱ्या पोटाला ते बाधतं. ढाळ लागले की दोन दिवसांत खेळ खलास.”

बिजलीची एक सवय होती. खाऊन झालं, की भरवणाऱ्याच्या तळहातावर कपाळ टेकवायची आणि तशीच थांबायची, श्वास मोजावेत इतका वेळ.

हे सगळं गोडच म्हणायचं. पण त्या घरात मला भीती वाटायची, खोटं का सांगू? दिवेलागणीला मामंजी अजूनही सातही ताटल्या मांडायचे. सहांत नुसतं पाणी. खिळ्यावरच्या एकेका दोऱ्याला बोट लावून नाव घ्यायचे. “हरणी. सुभेदार. मोती...” आणि ती आंधळी बिजली प्रत्येक नावाला थोडी थोडी सरकून जागा करून द्यायची. सहावं नाव होईपर्यंत ती भिंतीला चिकटलेली असायची, दाटीत बसावं तशी. तिचं नाव शेवटी. ते घेतल्याशिवाय अन्नाला शिवायची नाही. सकाळी मी ताटल्या घासायला घ्यायची तेव्हा सहांतलं पाणी कमी झालेलं असायचं. हे म्हणायचे, “ग्वाल्हेरचा उन्हाळा आहे, आटतं.” बरं बाई, आटतं. पौषातसुद्धा आटतं?

आणि भर दुपारी, छावनी सगळी झोपलेली असताना, बिजली त्या खिळ्याच्या भिंतीकडे तोंड करून ओरडायची. लांब, पोटातून, माणसासारखं. मामंजी उठून तिच्या पाठीवरून हात फिरवायचे. म्हणायचे, “म्हातारपणी मांजरं घर विसरतात, भिंतीपुढं बसून ओरडतात. घाबरू नकोस.” मी विचारायची, “मग मध्येच गप्प होऊन कान का टवकारते? कोण बोलतं तिच्याशी?” त्यावर ते फक्त तिचे कान कुरवाळायचे.

तर छप्पन साल. पुन्हा फेरबदल. मध्यभारत मोडलं, मोठं मध्य प्रदेश होणार, राजधानी भोपाळ. ह्यांचं दफ्तर तिकडे हललं. दिवाळीच्या आत हजर व्हायचा हुकूम आला. सगळी बांधाबांध सुरू झाली आणि मामंजी माजघरात बसून म्हणाले, “तुम्ही जा. म्हाताऱ्या मांजराची जागा बदलली की ते अन्न सोडतं. आंधळं तर भिंतींच्या जिवावर जगतं. बिजली आहे तोवर मी इथून हलणार नाही.”

शहात्तर वर्षांचा माणूस, छातीत कळा येतात, त्याला एकट्याला टाकून जायचं? मग ठरलं, मी मागं राहायचं. हे भोपाळला जातील, आणि मी एका मांजराच्या मरणाची वाट बघत त्या माजघरात बसायचं. मला संताप आला होता. नऊ वर्षं त्या मांजरांत आणि दोऱ्यांत काढली होती मी. मला माझं घर हवं होतं, जिथं भिंतीवर काही लटकत नाही असं. ह्यांना म्हटलं, “तुमच्या वडलांना सुनेपेक्षा मांजर जवळचं.” हे ट्रंकेची दोरी आवळत राहिले.

त्याच आठवड्यात कोजागिरी झाली. बांधाबांधीतही मी दूध आटवलं होतं, केशर घालून, चारोळी घालून. दुसऱ्या दिवशी पातेल्यात वाटीभर उरलं. मामंजी दुपारी पडाव मोहल्ल्यात गेले होते, पांडुरंगराव सलोत्रींकडे. ते पागेतले जुने घोड्यांचे वैद्य, तेव्हा टांग्याच्या घोड्यांना औषधं द्यायचे. घरात मी आणि बिजली. ती दुधाच्या वासानं चाचपडत आली आणि माझ्या पायाशी तोंड वर करून बसली.

मी वाटी तिच्यापुढं ठेवली.

दया आली म्हणून ठेवली, असं मी स्वतःला सांगितलं. मुकं जनावर, किती दिवसांची सोबत, पिऊ दे एकदा गोडाचं. पण मला शंभरदा बजावलेलं होतं. मला माहीत होतं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. त्या दिवशी डोळे मी मिटले होते. ती चाटूनपुसून प्याली, हनुवटीच्या पांढऱ्या केसांना केशराचा पिवळा डाग पडला, आणि मग तिनं माझ्या तळहातावर कपाळ टेकवलं. मी तिची हनुवटी ओल्या फडक्यानं पुसली. वाटी घासून पालथी घातली.

संध्याकाळीच ढाळ लागले. मामंजींनी पांडुरंगरावांना घरी आणलं. त्यांनी मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

“दूध दिलं का कुणी?” त्यांनी विचारलं.

“नाही हो,” मी म्हटलं. “आमच्याकडे कोण देणार?”

मामंजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मीठ-साखरेचं पाणी कापसाच्या बोळ्यानं तिच्या ओठात पिळत राहिले. दोन दिवस, दोन रात्री. तिसऱ्या दिवशी दुपारी ती त्यांच्या मांडीवर गेली. लहानपणी आई सांगायची, मांजर मारल्याचं पाप फेडायला काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं. मी चुलीपुढं बसून रडले. सगळ्यांना वाटलं, सूनबाईचा किती जीव होता!

मामंजींनी तिला परसात पुरलं. दोरा हातात घेऊन माजघरात आले, खिळ्यासमोर उभे राहिले. खूप वेळ. मग वळले आणि तो दोरा स्वतःच्या मनगटावर बांधला. एका हातानं, दातात टोक धरून.

दिवे लागले. सवयीनं सात ताटल्या मांडल्या. मामंजी पाठमोरे बसून सहा नावं बोलले आणि थांबले. सातवं त्यांच्या तोंडून येईना. मला ती शांतता सोसेना. म्हातारा माणूस, आपणच संपवावं म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हटलं, “बिजली.”

“ओ,” मामंजी म्हणाले.

पाठमोरेच होते. आवाज त्यांचाच होता. पण आधी मान त्या अंगाला कलली, हाकेचा माग काढावा तशी, आणि मग ओ आली. बिजली तशीच मान कलवायची. माझ्या हातातलं ताट खाली पडलं.

भोपाळला यायला त्यांनी नाही म्हटलं नाही. सहा दोरे मात्र खिळ्यासकट काढून घेतले. मनासारखं झालं माझं. ज्यासाठी एवढा अट्टाहास केला ते नवं घर मिळालं, आणि पहिल्याच दिवशी मामंजींनी भिंतीत तो खिळा ठोकला.

तिथं ते वर्षभर होते. नव्या घरात आल्यावर अन्नावरची वासना गेली, त्यांनी सांगितलं होतं तसंच. नजर अधू झाली, भिंतीला हात लावून चालायचे. दुपारी भिंतीकडे तोंड करून बसायचे. डॉक्टर म्हणाले, म्हातारपण. हो, म्हातारपणच. मला त्याची सेवा येत होती, त्यांनीच शिकवलेली. ताट पाटावर उंच ठेवायची. भात कुस्करून कोमट करून द्यायची. नखं कापायची. तापवलेली वीट पाठीशी. आणि दिवेलागणीला सात नावं मलाच घ्यावी लागायची. सातवं घेतल्याशिवाय ते घास घेत नसत. हे कचेरीतून उशिरा यायचे, त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही.

पुढच्या कोजागिरीला त्यांना ताप होता. जन्मभर रात्री पेलाभर दूध पिणारा माणूस. भोपाळला आल्यापासून कधी मागितलं नव्हतं, मीही कधी पुढं केलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं, सणाचा दिवस, दोन घोट द्यावेत. केशराचा पेला घेऊन जवळ गेले. त्यांनी डोळे उघडले नाहीत. नाकपुड्या हलल्या. हाताच्या पालथ्या बाजूनं पेला हळूच बाजूला सारला.

“दूध नको, सूनबाई,” म्हणाले. “त्या दुपारी दिलंस ना, केशराचं. तेवढं पुरे.”

त्या दुपारी घरात दुसरं कुणी नव्हतं. वाटी मी घासली होती, हनुवटी मी पुसली होती.

मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, “चुकले मामंजी. मीच दिलं. मला इथं यायचं होतं म्हणून दिलं.” तोंडावर बोलले, एका दमात. त्यांनी माझा हात चाचपडून शोधला, तळवा उघडला आणि त्यावर कपाळ टेकवलं. तापानं फणफणलेलं. तसेच थांबले. मी श्वास मोजत राहिले. मोजता मोजता श्वासच थांबले.

न्यायच्या वेळी बायकांनी मनगटावरचा दोरा सोडून माझ्या हातात दिला. खिळ्यावर जागा होती. दिवेलागणीला तासभर होता.

खिळ्याला मान नसते हो. मी पदर पुढं ओढला आणि तो दोरा माझ्या हाताला बांधला.

आता माझ्या लेकानं इथं ग्वाल्हेरलाच दर्पण कॉलनीत घर घेतलंय. तुम्ही आलात म्हणून सून दूध घेऊन येतेय. तुम्ही घ्या. मला नका आग्रह करू.