रॉकवाल्यांची मावशी

तिला ‘मावशी’ हे नाव पडलं तेव्हा ती जेमतेम सव्वीस वर्षांची होती. नाव पाडणारा, बँडचा गायक, तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. रेकॉर्डिंगमध्ये ती सारखी ‘पुन्हा एकदा’ म्हणते म्हणून चिडून तो तसं म्हणाला, आणि नाव चिकटलं ते कायमचंच. त्याच बँडमध्ये गिटार वाजवणारा तिचा सख्खा भाऊसुद्धा तिला मावशी म्हणू लागला, तेव्हा घरी आईने कपाळाला हात लावला.

रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत येण्याआधी पाच वर्षं ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांना लोकांशी जोडून द्यायचं. कान इतका तयार झाला, की नुसत्या ‘हॅलो’वरून माणसाला सर्दी झालीय की तो रडून उठलाय, हे तिला कळे. एका रविवारी ती भावाचा डबा द्यायला म्हणून स्टुडिओत गेली. काचेपलीकडे मालक डोकं धरून बसला होता. गाण्यात कुठून तरी बारीक कुईकुई येत होती. माइक बदलून झाले, वायरी बदलून झाल्या, कुईकुई काही जाईना. ती दारातूनच म्हणाली, ड्रमवाल्याच्या स्टुलाला तेल घाला. तेल घातलं आणि आवाज गेला. मालकाने तिला तिथल्या तिथे कामाला बोलावलं.

वडिलांनी घर डोक्यावर घेतलं. पक्की नोकरी सोडून पोरगी कानठळ्या बसवणाऱ्यांच्यात चालली, हे त्यांना काही केल्या पटेना. आई एवढंच म्हणाली, “कान तिचे आहेत.” वडील दोन आठवडे दोघींशी बोलले नाहीत.

पहिली तीन वर्षं तिने वायरी गुंडाळल्या, टेप कापल्या, जोडल्या आणि सगळं पाहून घेतलं. तेवढ्यात भावाच्या बँडची पहिली रेकॉर्ड सपशेल आपटली. दुसरी करायला कोणी निर्माता तयार होईना, म्हणून ते काम तिच्या गळ्यात पडलं. हे पाचजण भावाच्या खोलीत सराव करायचे तेव्हा भिंती थरथरायच्या, आणि स्टुडिओत आले की परीक्षेला बसल्यासारखे वाजवायचे. का, ते तिला दुसऱ्या दिवशी उमगलं. स्टुडिओच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येकाला वेगळ्या खोपट्यात बसवलेलं, कोणाला कोणाचं तोंड दिसत नव्हतं. तिने पाचही जणांना एका खोलीत गोल बसवलं.

मालक म्हणाला, “अगं, सगळे आवाज एकमेकांत मिसळतील.”

“मिसळू देत. माणसं मिसळलीत ना, मग आवाजही मिसळतील.”

फक्त ड्रम सगळ्यांना खाऊन टाकत होता. तो दाबायला काहीतरी जाड हवं होतं. मधल्या काळात तिचं लग्न झालं होतं; ती दुपारी आपल्या घरी गेली आणि पलंगावरची गादी रिक्षात कोंबून घेऊन आली. ती गादी ड्रमपुढे उभी राहिली आणि तिचा नवरा आठवडाभर सतरंजीवर झोपला. तो शाळेत गणित शिकवायचा, गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नसे. पण सातव्या दिवशी, पाठ चोळत, त्याने स्टुडिओत येऊन तयार गाणं ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, आणि म्हणाला, “गादी राहू दे इथेच. आपण दुसरी घेऊ.”

ती रेकॉर्ड निघाली आणि दीड महिन्यात न्हाव्याच्या दुकानापासून कॉलेजच्या कँटीनपर्यंत तेच गाणं. ती माहेरी जेवायला गेली होती त्या दिवशी वडिलांनी ते शेजाऱ्यांच्या रेडिओवर ऐकलं. घरी येऊन म्हणाले, आवाज फार मोठा आहे. मग चपला काढता काढता विचारलं, “मधे एक क्षण सगळं थांबतं आणि परत सुरू होतं, ते कोणी सुचवलं?” तिने सुचवलं होतं. ते हं म्हणाले आणि जेवताना तीच चाल गुणगुणत बसले. आई आणि ती एकमेकींकडे न बघता जेवल्या, नाहीतर हसू फुटलं असतं.

पुढे तिने चाळीसच्या वर रेकॉर्ड केल्या. बँड मोडले, जुळले, गायकांची पोटं सुटली, दोघातिघांची भांडणं तिने स्टुडिओच्या जिन्यात बसवून मिटवली. जे वाजवणाऱ्याला स्वतःलाच आवडलं नाही, ते तिने कधी बाहेर जाऊ दिलं नाही. वयाबरोबर तिला वरचे बारीक आवाज ऐकू येईनासे झाले, तेव्हा तिने कोणापासून लपवलं नाही. तेवढे तुम्ही सांभाळा, बाकीचं मी बघते, असं ती प्रत्येक बँडला पहिल्याच दिवशी सांगून टाकी.

चौसष्टाव्या वर्षी तिने तीन नर्सांच्या बँडची रेकॉर्ड केली. दुपारची ड्यूटी असायची, म्हणून त्या सकाळी सातला येऊन दणक्यात वाजवायच्या आणि साडेअकराला इस्पितळात पळायच्या. रेकॉर्ड बाजारात आली त्या दिवशी ती भाजी घ्यायला निघाली होती. कोपऱ्यावरच्या दुकानात त्या नर्सांचंच गाणं लागलं होतं. ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली. दुकानदाराने विचारलं, काय देऊ?

“काही नको,” ती म्हणाली. “थोडा आवाज वाढवा.”