मापाडीमामांची चवळी

देवानं वजन नसलेली एकही गोष्ट निर्माण केलेली नाही, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो रेणापुरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. लातूरच्या आडतीत त्यांनी उभी हयात तूर आणि सोयाबीन मोजलं, म्हणून निवृत्तीनंतरही गल्ली त्यांना मापाडीमामाच म्हणते. आम्ही इथे राहायला आलो, त्या दिवशी त्यांनी माझं नावही विचारलं नाही. हातातली पिशवी घेतली, डोळे अर्धवट मिटले आणि भजनात तंद्री लागलेल्या माणसासारखे म्हणाले, "तीन किलो अन् वर एक लिंबू." बारशाला गेले की बाळाला उचलून आधी वजन सांगणार, आशीर्वाद मागाहून.

हैदराबादला नोकरीला जाताना त्यांची लेक आपली कुत्री त्यांच्याकडे सोडून गेली. उशीएवढी, पांढरी, डोळ्याजवळ काळा ठिपका. म्हणून नाव चवळी. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मामा स्वतः भाकरी आणि ठेच्यावर दिवस काढत, पण चवळीसाठी दुधात कुस्करलेली भाकरी, उकडलेलं अंडं, बिनमिठाचा कोंबडीचा रस्सा असा थाट असे. ती येई, वास घेई आणि पाहुणचार न आवडलेल्या विहिणीसारखी तोंड फिरवून बसे. मग सकाळभर अंगणातल्या कडुलिंबाच्या सावलीत ती पुढे आणि ताटली घेऊन मामा मागे, अशी संथ प्रदक्षिणा चाले. "खा की गं माय, एक घास. माझ्यासाठी." ती जांभई देई. मामा तिला तळहातावर तोलत आणि खोल आवाजात म्हणत, "कमी झाली."

महिनाभरात त्यांची झोप उडाली. एके सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. "मास्तर, हाताला लई हलकी लागून राहिलीय. पोरीला काय तोंड दाखवू?" आम्ही तिला टॉवेलात गुंडाळून लातूरला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर ठेवलं आणि हसल्या. "काका, ही उपाशी नाही. तुमच्या लेकीनं महिन्यापूर्वी लस द्यायला आणली होती, तेव्हापेक्षा किलोभर वाढलीय." मग मामांची बोटं धरून त्यांनी चवळीच्या कुशीवरून फिरवली. "बरगड्या डोळ्यांना दिसायला नकोत, पण बोटांना लागल्या पाहिजेत. आणि वरून पाहिलं की कंबर दिसली पाहिजे. हिला कंबर आहे कुठे?"

परतीच्या बसमध्ये मामा खिडकीबाहेर पाहत बसले. त्यांचा हात आयुष्यात पहिल्यांदा चुकला होता. मला राहवलं नाही. "मामा, तुम्ही दुपारी पडता ना, तेव्हा ती आमच्याकडे येते. मी तिला तूप लावलेली पोळी देतो." समोरच्या घरी खारी, कोपऱ्यावर शेव, हेही मला ठाऊक होतं. मामा रागावतील असं वाटलं. ते एवढंच म्हणाले, "भीतीनं तोललं मी. भ्यालेल्या हाताला काय कळणार?"

संध्याकाळी त्यांनी घरोघर जाऊन हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून दोन वेळा, मूठभर, आणि पंधरा मिनिटांत ताटली उचलायची, असा डॉक्टरीणबाईंचा नियम सुरू झाला. ताटली उचलताना मामा तिच्याकडे पाठ करत, कारण तिचे डोळे पाहिले तर नियम मोडला असता. दोन दिवस ती रुसली. तिसऱ्या दिवशी ताटली घासल्याचा आवाज आला, तेव्हा मामा लिंबाच्या बुंध्याला टेकून खाली बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

परवा संध्याकाळी डोकावलो. मामा बाजेवर डोळे मिटून पडले होते. चवळी त्यांच्या छातीवर, कंबर छान दिसत होती. त्यांची बोटं तिच्या कुशीवरून हळूहळू फिरत होती.

"झोपलात, मामा?"

"न्हाई. बरगड्या मोजून राहिलो."

"किती झाल्या?"

"दरवेळी मधीच इसरतो." डोळे न उघडताच ते म्हणाले, "रविवारी पोरगी येणार हाय. तिला घर मिळालं तिकडं, कुत्रं चालतं म्हणे."

मी बाजेच्या कडेला बसलो. चवळी झोपेत पाय हलवत होती, कुठेतरी धावत असावी. मामांनी बोटं पुन्हा पहिल्या बरगडीवर नेली आणि मोजायला सुरुवात केली.