राळ न लागलेली फट

दिघीचा विठोबा माझा मित्र. वयाने माझ्या दुप्पट. १९३१ साली मी बी.ए. होऊन गावी परतलो, तेव्हा त्याने होडी विकून बैलगाडी केली होती. गाडी कसली, चाकांवरची खोलीच. मुंबईची हौशी माणसं ती घेऊन हरिहरेश्वरला जात आणि तिच्यातच मुक्काम करत.

पण विठोबा जातीचा कोळी. खोली त्याने होडीसारखी बांधली. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकला, वरून राळ लावली. दाराला डांबर दिलेलं शिडाचं कापड.

"थेंब आत आला तर मिशी काढीन," तो म्हणे.

"आन् आतला मानूस गुदमरला म्हंजी?" त्याची बायको तुळशी विचारी. "लोकांची डोकी धरतात. वर एक झरोका ठेवा की."

"होडीला भोक कोन पाडतं गो?"

मागच्या कोपऱ्यात, तळाशी, एक फट तेवढी राहिली होती. राळ संपली होती. कुणी गाडी बघायला आलं की विठोबा नेमका तिच्यापुढे उभा राहायचा.

त्याची लेक कमळ बोर्लीला सासरी बाळंत झाली. बारसं उरकल्यावर तिला माहेरी आणायला आम्ही गेलो. परत निघताना बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून तुळशीने गाडीत शेगडी ठेवली, निखाऱ्यांवर ओवा टाकला, पडदा आतून बांधून घेतला. मी पुढे विठोबाशेजारी बसलो. आत तुळशीची टकळी चालू होती.

चढ संपला. टकळी थांबली होती.

"दत्तूभाऊ, बाई गप्प हाय! बैलास्नी गूळ चारला पायजे."

विठोबा मला म्हणाला आणि आतून येणाऱ्या उत्तराची वाट बघत हसला. उत्तर आलं नाही. तुळशी ऐकून घेणारी नव्हती. त्याचं हसू तसंच राहिलं.

त्याने कोयत्याने पडदा कापला. तुळशी एका अंगावर कलंडलेली. कमळची मान लोंबत होती. मी जागचा हललो नाही. विठोबाने दोघींना ओढून करंजाखाली निजवलं. शेगडीच्या कोंडलेल्या हवेने त्यांना घेरलं होतं.

मग बाळ रडलं. मागच्या कोपऱ्यात, त्या फटीशी निजवलेलं.

तुळशी ओकली, डोळे उघडले. कमळला फार वेळ लागला. शुद्धीवर येताच म्हणाली, "बा, माजं पोर?"

त्याने पोर तिच्या कुशीत दिलं. मग गाडीत शिरला आणि त्या फटीवर तळहात ठेवून नुसता बसला. बाहेर आला तो कुऱ्हाड घेऊन. छपराच्या फळ्या फुटू लागल्या. बैल बिचकले.

"अरे, पाऊस येईल आत," मी कसाबसा म्हणालो.

"येऊं दे."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा तो अंगणात दिसला. मी कुंपणाशीच थबकलो. पाऊस अजून पडला नव्हता, पण त्याच्या ओठावर मिशी नव्हती.