अडखळू द्या तिला

मूल वाचायला लागलं की मोठ्या बाई पुस्तकाकडे बघत नसत, मुलाच्या डोळ्यांकडे बघत. डोळे ओळीवरून सरकताहेत की छताच्या पंख्याला लागलेत, एवढंच त्यांना हवं असे. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या शाळेत दुसरीची एक तुकडी त्यांच्याकडे होती, दुसरी माझ्याकडे. मी नवी होते आणि त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं.

प्रशिक्षणातून मी ध्वनिजाणीव, ओघ, आकलन असे भारदस्त शब्द घेऊन आले होते. बाई मुलांना ‘कमळ’ म्हणायला लावत आणि विचारत, ‘‘मधला म पळाला, काय उरलं?’’ ‘‘कळ!’’ सगळा वर्ग ओरडे. ‘‘हीच ध्वनिजाणीव ना?’’ मी एकदा विचारलं. ‘‘असेल बाई. मी याला कान उघडणं म्हणते.’’

धडा संपला की त्याखालचे प्रश्न त्या विचारत नसत. ‘‘माझं लक्षच नव्हतं गं, काय झालं ते सांग,’’ असं साफ खोटं बोलत. मग मूल आपल्या शब्दांत सांगू लागे. ज्याला सांगता येत नसे, त्याला कळलेलं नाही, हे त्यांना समजे.

सानिका माझ्या वर्गातली. धडाधड वाचायची. चाचणीच्या तक्त्यात मी तिच्यापुढे ‘वाचते’ अशी खूण केली आणि मोठ्या तोऱ्यात तिला बाईंसमोर उभं केलं. बाईंनी तिचं पानभर वाचन ऐकलं आणि त्याच पानावरच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. सानिका पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणू लागली. अख्खं पुस्तक तिला ऐकून ऐकून पाठ होतं. ओळखता येत होती ती चार-पाच अक्षरं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी ती खूण मला खोडायला लावली. ‘‘पुढे पुस्तक जाड होतं, पाठांतर पुरत नाही. तोवर विचारायची लाज वाटायला लागते.’’

मग रोज मधल्या सुट्टीत बाई तिला घेऊन बसू लागल्या. एका दुपारी त्यांनी फळ्यावर ‘टोपलीत मांजर झोपलं’ असं लिहिलं. सानिकाने एकेक अक्षर जुळवत ते ओढून नेलं, थांबली आणि खुदकन हसली. ‘‘बाई, मांजर टोपलीत!’’ त्या दिवशी मला बाईंचा हेवा वाटला.

आठवडाभरात तिची आई आली. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये कपड्यांच्या दुकानात कामाला होती, अर्धा दिवस सुट्टी टाकून आलेली. ‘‘टीचर, पहिले कशी एकदम फास्ट वाचायची. आता हर शब्दाला अटकते. बिघडवलीत ना पोरगी?’’

‘‘अडखळू द्या तिला,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आता कुठे ती वाचतेय.’’

आईला ते पटलं नाही. जूनमध्ये तिने सानिकाला उल्हासनगरच्या इंग्रजी शाळेत घातलं. बाई तोवर निवृत्त होऊन बदलापूरला राहत होत्या. मी त्यांना फोनवर हे सांगितलं. ‘‘चूक माझी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आईला आधी बोलवायला हवं होतं. पोरीच्या शेजारी बसवायला हवं होतं.’’

पुढच्या वर्षी बाई गेल्या. आता मी दर जूनला आधी पालकांना वर्गात बसवते, मग पुस्तकं उघडते.

गेल्या महिन्यात कॅम्प दोनच्या बाजारात त्या मायलेकी भेटल्या. ‘‘टीचर, आता इंग्लिशपण एकदम फास्ट वाचते,’’ आई कौतुकाने म्हणाली. सानिकाने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. बाईंनी तिथेच दुकानाच्या पायरीवर बसकण मारून तिचं वाचन ऐकलं असतं. मी ‘‘छान’’ म्हणाले आणि पुढे निघाले.